चोवीस कोपरे सरळ केल्याची हकीकत

तीर्थरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द चुकून पडलेला नाही. दोनदा खोडला आणि दोनदा पुन्हा लिहिला, वर शाईचा डाग दिसतोय तो त्याचाच.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भाचीकडून कळलं. खोकल्याचं औषध तुम्ही वेळेवर घेत नाही हेही तिच्याकडूनच कळलं, तेव्हा घेत जा. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. फक्त माझी झोप उडाली आहे, जेवण जात नाही आणि डावा डोळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत फडफडतो. बाकी सर्व ठीक.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही दचकला असाल. दचकू नका, कुणी गेलेलं नाही. सहा वर्षं झाली, आपण दोघं एका टेबलाशी समोरासमोर जेवायला बसतो आणि मला मीठ हवं असलं तर मी ताईला सांगतो, ताई तुम्हाला सांगते, आणि तुम्ही भिंतीकडे बघत मीठ पुढे सरकवता. हे कधी सुरू झालं, कोणत्या कपाटावरून, आणि त्यात कोण बरोबर होतं (मी होतो), याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. विषय वेगळा आहे. माझ्यावर आभाळ कोसळलंय. आजपासून बाविसाव्या दिवशी इथल्या हॉटेलाचं उद्घाटन आहे, आणि त्याच्या आत मी करून ठेवलेलं निस्तरलं नाही, तर मी आणि माझे अकरा सुतार घरी बसणार. काय करून ठेवलं म्हणाल, तर दाजी, मी भिंती सरळ केल्या. तुम्ही बरोबर वाचलंत. आयुष्यभर जे केलं म्हणून लोकांनी मला कामं दिली, तेच केलं म्हणून मला काढून टाकायला निघालेत. मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही.

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल उन्हाने माझं डोकं फिरलं. हे हॉटेल समुद्राच्या कडेला आहे. मालकाचा पूर्वी बर्फाचा कारखाना होता. ते कुठेतरी थाई पद्धतीच्या हॉटेलात चार दिवस राहून आले आणि परत आले ते डोक्यात छपरं घेऊनच. आपल्याकडे नारळ आहेत, केळी आहेत, ऊन-पाऊस सारखाच आहे, मग तसंच हॉटेल का नको, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकंदर सहा घरं. प्रत्येक घर माणूसभर उंचीच्या लाकडी खांबांवर उभं, खाली मोकळी सावली. वर एकावर एक तीन छपरं, इतकी उभट की पावसाचा थेंब पडायच्या आधीच घसरावा, आणि टोकं वर वळलेली. दाराला वीतभर उंच उंबरठा. (या उंबरठ्याबद्दल पुढे लिहीन, अजून कोपर दुखतंय.) मध्ये कमळांची तीन तळी, एका तळ्यावर चारी बाजूंनी उघडा मंडप. आणि लाकूड असं की शिवायच्या आधी हात धुवावेत. भिंती तयार होऊन खोक्यांतून आल्या होत्या, एकेक भिंत म्हणजे एकेक मोठी चौकट. सगळं खाच आणि खुंटीवर, अख्ख्या घरात एक खिळा नाही. त्या खाचा बघून मी सुतारांना गोळा केलं आणि म्हटलं, बघा रे, याला काम म्हणतात. दाजी, त्या क्षणी मला तुमची आठवण झाली होती, पण मी ती लगेच दाबली.

मग पहिलं घर उभं केलं, चार पावलं मागे गेलो आणि माझा आ वासला. चारही भिंती आत कललेल्या! खाली ऐसपैस, वर चिंचोळ्या. सवयीने ओळंब्याची दोरी सोडली तर वरून तळापर्यंत चार बोटांचा फरक. चार बोटं! आपल्याकडे दोऱ्याएवढा फरक पडला तर मी माणसाला दिवसभर बोलतो. (मागून मला सगळे काटकोन म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी ते कौतुक समजत आलो.) मला वाटलं, एवढं सोन्यासारखं लाकूड, एवढी सुबक खाच, आणि कापताना कुणीतरी झोपला होता. दुसरं घर जोडलं, तेही तसंच. तिसरंही. मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही म्हणाल, नकाशे नव्हते का? होते. गुंडाळीच होती. त्यात भिंती तिरक्या काढलेल्या होत्या हेही खरं. पण मला वाटलं, छापताना कागद मशीनमध्ये तिरका गेला. यात हसण्यासारखं काही नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही... नाही, तुम्हाला नसतं वाटलं. असो.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आलं त्या वास्तुकार बाई तेव्हा इथे नव्हत्या. त्यांच्या मुलीला बाळ झालं होतं म्हणून त्या सात आठवडे तिकडे गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या होत्या, मिस्त्री, तुमचा हात चांगला आहे, नकाशाप्रमाणे जोडत राहा. मी फक्त पहिलं अर्धं वाक्य लक्षात ठेवलं. मी ठरवलं की बाई परत येईपर्यंत त्यांची अब्रू वाचवायची. एकेक भिंत ओळंब्याला धरून सरळ उभी केली. सरळ केल्यावर साहजिकच प्रत्येक कोपऱ्यात फट पडली, तळाशी काही नाही आणि वर जावं तशी रुंद. म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या मापाने लांबलचक निमुळती पाचर कापली, कोपऱ्याच्या कडा रंध्याने तासल्या आणि पाचर अशी बसवली की नख जाणार नाही. सहा घरं, चोवीस कोपरे, चोवीस पाचरी. छपराची चौकट वर अपुरी पडायला लागली तर तीही वाढवून घेतली. पाच आठवडे मी आणि माझी माणसं राबलो. दाजी, खोटं कशाला बोलू, इतकं सफाईचं काम मी जन्मात केलेलं नाही. रोज काम संपल्यावर मी त्या सहा सरळसोट घरांसमोर उभा राहायचो आणि मला भरून यायचं. मालकही एकदा येऊन पाठ थोपटून गेले. म्हणाले, वा, आता कशी शिस्तीत दिसतात! (हे त्यांचे शब्द आहेत, ते आता साफ नाकारतात.)

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हात शिवशिवत होते आणि बाग समोर होती. इथले माळीबुवा म्हणजे अबोल गृहस्थ, तोंडात कायम गवताची काडी. त्यांनी फाटकापासून घरांपर्यंत दगडी फरशांची वाट टाकली होती. ती वाट म्हणजे सरळ जाईल तर शपथ. आधी डावीकडे, मग बांबूला वळसा, मग तळ्याच्या काठाकाठाने, मग पुन्हा मागे आल्यासारखी. मी म्हटलं, बुवा, पाहुणे सामान घेऊन येणार, त्यांना काय भूलभुलैयात सोडायचं आहे? ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी ते रोपं आणायला गेले होते तेवढ्यात मी फाटकापासून टोकापर्यंत दोरी ताणली आणि माणसं लावून सगळी वाट दोरीत आणून टाकली. मध्ये येणारा बांबूही थोडा कापला. बुवा परत आले, बघितलं आणि त्यांच्या तोंडातली काडी खाली पडली. मग माझ्या लक्षात आलं की आता फाटकात उभं राहिलं की तळी दिसत नाहीत, मंडप दिसत नाही. थेट शेवटपर्यंत नजर जाते आणि तिथे धोबीखान्याच्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि आचाऱ्याच्या दोन बनियनी दिसतात. पण मी स्वतःची समजूत घातली की चादरी हलवता येतील.

आणि गेल्या सोमवारी बाई आल्या. मी दाढीबिढी करून, धुतलेला शर्ट घालून फाटकात उभा. मालक शेजारी. बाई गाडीतून उतरल्या, त्यांनी सरळ वाट बघितली, टोकाच्या बनियनी बघितल्या आणि मग मान वळवून घरं बघितली. दाजी, मी माणसं रागावलेली पाहिली आहेत, रडलेली पाहिली आहेत, पण हे असं मी पाहिलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मग पहिल्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी वाट बघत होतो की आता काहीतरी कौतुकाचं येईल. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, हे कुणी केलं? मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच. आणि त्यांनी विचारलं, का?

दाजी, पंचेचाळीस वर्षांचा झालो. भिंत वाकडी का, असं मी हजार माणसांना विचारलं असेल. भिंत सरळ का, असं मला आजवर एकानेही विचारलेलं नव्हतं. मी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून, आत येऊन कोपरे बघा, कळेल, असं म्हणत वळलो, घरात शिरलो आणि तो वीतभर उंबरठा विसरलो. सगळ्यांसमोर पालथा पडलो. कोपर सोलवटलं, शर्टाची बाही गेली, आणि उताणा होऊन वर बघतो तर माझी स्वतःचीच पाचर, नख न जाणारी. बाईंनी हात देऊन उठवलं. मग वहीतला एक जुना फोटो दाखवला, एका खऱ्या थाई घराचा. उंच खांबांवरचं घर, खांबही आत कललेले, भिंतीही आत कललेल्या आणि त्यावर ते उभट छप्पर. एखाद्या माणसाने पाय फाकवून ठाम उभं राहावं तसं ते घर उभं होतं. मग त्यांनी मला माझी घरं बघायला लावली. तेच लाकूड, तेच छप्पर. पण काड्यांवर ठेवलेली खोकी दिसत होती, आणि नीट बघितलं तर वरून जरा बाहेरच झुकल्यासारखी. मी ओळंबा सोडला, ओळंबा म्हणाला सरळ. डोळा म्हणाला पडतंय. माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि इथे ती नुसती म्हणायची नाही, खरोखरची वाळू आहे.

मालकांचं काय विचारता! ज्या माणसाने माझी पाठ थोपटली तोच माणूस ओरडायला लागला की मला तर आधीपासून संशय होता, मी थाई घरं मागितली आणि याने शाळेचे वर्ग बांधले. तिथल्या तिथे मला आणि माझ्या माणसांना जायला सांगितलं. मी हत्यारांची पेटी भरायलाच घेतली होती. तेव्हा बाई मधे पडल्या. म्हणाल्या, ज्याने इतकं नेमकं बिघडवलं, त्यालाच ते नेमकं दुरुस्त करता येईल, आणि नाही झालं तर त्याच्याबरोबर मीही जाते. म्हणजे आता माझ्यापायी त्या बाईंचंही काम पणाला लागलं. मी पेटी पुन्हा उघडली.

तर सोमवारपासून मी भिंती कलवतोय, आणि दाजी, मला जमत नाही. पाचरी काढल्या. चौकट आत कलवली, मागे गेलो, बघितलं, बरं वाटलं. पुन्हा जवळ गेलो खुंटी ठोकायला आणि ठोकून होईपर्यंत माझ्या हातांनी ती आपोआप सरळ केलेली असते. माझे अकराही सुतार माझ्याच हाताखाली तयार झालेले, सगळ्यांना तोच आजार. ओळंबा पेटीत कुलूप लावून ठेवला, किल्ली माळीबुवांकडे दिली. (ते अजून बोलत नाहीत, पण किल्ली घेतली.) एक डोळा मिटून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. लाकडाचा साचा करून त्या कोनात भिंत बसवायचा प्रयत्न केला, पण कोपऱ्यांच्या कडा मीच तासून ठेवल्यामुळे प्रत्येक कोपरा आता वेगळा आहे आणि एक साचा दुसरीकडे लागत नाही. शेवटी पहिलं घर कसंबसं जोडलं. एक भिंत चार बोटं आत, समोरची सहा, बाजूची अडीच. घर दारू पिऊन उभं असल्यासारखं दिसायला लागलं. बाई आल्या, बघितलं आणि इतकंच म्हणाल्या, मिस्त्री, कलणं वेगळं आणि पडणं वेगळं. हे मापाने होणार नाही, नजरेने होईल. मला नजर नाही, दाजी. माझ्याकडे ओळंबा होता, त्यामुळे नजरेची गरज आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पत्र फार लांबलं. ताईला सांगा, डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालत जा. भाचीला आशीर्वाद. तुम्हाला त्रास द्यायचा काही हेतू नाही, मन मोकळं करायला कुणीतरी हवं होतं इतकंच. उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. उत्तर न पाठवलेलं चालणार नाही. खरं म्हणजे उत्तरही नको, तुम्ही स्वतः या. तीन आठवडे. नुसत्या नजरेने लाकूड बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे आणि तो सहा वर्षं स्टुलं आणि पाळणे करत घरी बसला आहे. बाईंना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. राहायची सोय त्या करतायत, गुडघ्यासाठी खोली जमिनीवरचीच मागितली आहे.

ता. क. दुसरा. एक अक्षर लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहितो. काल मी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. तुम्ही भिंतीला लागून बसवलेलं कपाट मी दुकानदारासमोर, गिऱ्हाइकांसमोर ओळंबा सोडून दोन बोटं कललेलं दाखवलं होतं, ते. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात की राहू दे, डोळ्याला बरं दिसतं. मी हसलो. माझ्यामागून सगळे हसले. तुम्ही हत्यारं पिशवीत भरून निघून गेलात आणि दुसऱ्या दिवशी मी ते कपाट सरळ करून दाखवलं. काल बघितलं. ती मागची भिंत जुनी आहे, तीच दोन बोटं कललेली आहे. तुम्ही कपाट तिच्या कलाने घेतलं होतं. माझ्या सरळ कपाटामागे वर ही एवढी फट आहे आणि दुकानदाराने तिच्यात पुठ्ठे, जुनी कॅलेंडरं आणि एक पाटी कोंबली आहे. मी कोण हे त्याने ओळखलं नाही. आपणहून म्हणाला, आधी हे कपाट सरळ होतं हो, कुणीतरी दीडशहाणा येऊन वाकडं करून गेला. मी बाहेर येऊन बराच वेळ फुटपाथवर उभा होतो. चुकलो, दाजी. माप काढलं ते चुकलं, त्याहून हसलो ते जास्त चुकलं. नाही आलात तरी हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

ता. क. तिसरा. पण या. पहिल्या घराचा पहिला कोपरा तुम्ही कलवा, अकराही सुतारांना समोर उभं करतो, त्यांना बघू दे. मी काही बोलणार नाही, मधे हात घालणार नाही. मी नुसती खाली शिडी धरतो. (शिडी तिरकीच लावायची असते, एवढं मला येतं.)